डोंगरातील आद्य शेतकऱ्यांची दगडी हत्यारे कशी अभ्यासावीत: काश्मीरच्या नवाश्मयुगापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

दगडी हत्यारांचा अभ्यास सुरू केला तेव्हा पहिले तीन दिवस मी एका संग्रहालयात बसून काचेमागच्या चिठ्ठ्या वहीत उतरवल्या. ‘कुऱ्हाड’, ‘छिन्नी’, ‘गदाशीर्ष’, ‘कापणीची सुरी’ अशी नावे होती आणि प्रत्येक नावापुढे मी लांबी-रुंदी लिहिली होती. पुण्याला परतल्यावर ती वही आमच्या सरांपुढे ठेवली. त्यांनी पहिल्याच नोंदीवर बोट ठेवून विचारले, “ही कुऱ्हाड कशावरून?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी दगड पाहिलाच नव्हता, मी चिठ्ठी पाहिली होती.

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची पद्धत सांगण्यासाठी आहे. पुरातत्त्वाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, इतिहास शिकवणारे शिक्षक आणि हौसेने अभ्यास करणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. उत्खनन कसे करावे हे यात नाही. उत्खननातून आधीच निघालेली हत्यारे कशी पाहावीत, मोजावीत आणि त्यांच्याविषयी किती बोलावे, एवढेच आहे.

१. आधी प्रदेश निवडा, मग हत्यार

‘डोंगरातील आद्य शेतकरी’ हा विषय आल्प्सपासून अँडीजपर्यंत पसरलेला आहे आणि नवख्या माणसाने त्यात एकदम उडी मारली, तर हाती फक्त नावांची यादी लागते. भारतीय वाचकाने काश्मीर खोऱ्यापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. तेथील नवाश्मयुगीन वसाहती बऱ्याच अभ्यासल्या गेल्या आहेत, हत्यारांचे प्रकार मोजके आहेत आणि शेती, शिकार, मासेमारी व कडक हिवाळा यांचा मेळ तिथे स्पष्ट दिसतो.

श्रीनगरच्या ईशान्येला सुमारे १६ किलोमीटरवर, दल सरोवर आणि झबरवानचे डोंगर यांच्यामधल्या करेवा पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० मीटर उंचीवर बुर्झाहोम आहे. करेवा म्हणजे जुन्या सरोवराच्या गाळाने आणि वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीने तयार झालेली उंच, सपाट जमीन. काश्मिरीत ‘बुर्झ’ म्हणजे भूर्जवृक्ष; उत्खननातही भूर्जाचे जळके अवशेष मिळाले, त्यामुळे गावाचे नाव आणि जमिनीखालचा पुरावा इथे एकमेकांना दुजोरा देतात. १९३५ साली हेल्मुट डी टेरा आणि टी. टी. पॅटरसन यांनी हे स्थळ उजेडात आणले आणि १९६० पासून सुमारे दशकभर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने टी. एन. खजांची यांनी तिथे विस्तृत उत्खनन केले. दुसरे महत्त्वाचे स्थळ पुलवामा जिल्ह्यातील त्रालजवळचे गुफक्राल. ‘गुफ’ म्हणजे गुहा आणि ‘क्राल’ म्हणजे कुंभार. तेथे १९८१ साली ए. के. शर्मा यांनी उत्खनन केले. तिसरे, बारामुल्लाजवळचे कनिसपूर. या तीन नावांवर पहिले सहा महिने सहज जातात. काळ ढोबळमानाने इ. स. पूर्व ३००० ते १००० असा धरून चाला. कनिसपूरच्या तारखा त्याहून मागे जातात.

२. काय काय जवळ हवे

संग्रहालयाच्या राखीव संग्रहातील वस्तू हाताळायच्या असतील, तर पुढील कागदपत्रे आधी गोळा करा. माझा पहिला अर्ज परत आला तो केवळ चौथ्या कागदाअभावी, आणि त्यासाठी दोन दिवसांचा मुक्काम वाया गेला.

– महाविद्यालयाचे किंवा संस्थेचे, अभ्यासाचा उद्देश लिहिलेले पत्र. स्वतंत्र अभ्यासक असाल तर एखाद्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र.
– छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि त्याच्या दोन प्रती.
– संग्रहालयाच्या प्रमुखांच्या नावे अर्ज, त्यात भेटीच्या नेमक्या तारखा.
– ज्या वस्तू पाहायच्या आहेत त्यांची नोंदणी क्रमांकांसह यादी. ‘बुर्झाहोमची सर्व हत्यारे’ असे लिहिलेला अर्ज पुढे सरकत नाही.
– छायाचित्रे केवळ अभ्यासासाठी वापरण्याची लेखी हमी.

नोंदणी क्रमांक आधी कसे मिळवायचे, हा प्रश्न योग्य आहे. सर्वेक्षणाच्या ‘इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू’ या वार्षिकात बुर्झाहोमच्या त्या-त्या हंगामाच्या नोंदी आणि छायाचित्रे आहेत. त्यांवरून हव्या त्या प्रकारांची यादी करावी आणि संग्रहालयाला पत्र लिहून त्या प्रकारांचे क्रमांक मागावेत. उत्तराला वेळ लागतो. प्रवासाचे तिकीट त्यानंतरच काढावे.

साहित्य साधेच आहे: व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटी पण प्रखर विजेरी, ग्रॅमपर्यंत तोलणारा वजनकाटा, मिलिमीटरचा आलेखकागद, २एच पेन्सिल, सेंटिमीटरची पट्टी छापलेले छायाचित्र-कार्ड आणि वस्तू टेकवायला वाळू भरलेली कापडी पिशवी. कॅलिपरचे लोखंडी जबडे दगडाला टोचू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना कागदी चिकटपट्टी लावा.

३. दगड ओळखा

आकार पाहण्याआधी दगड कोणता हे पाहण्याची सवय लावून घ्या. काश्मीरच्या घासीव हत्यारांसाठी प्रामुख्याने जो दगड वापरला गेला त्याला अहवालांमध्ये ‘हिमालयीन ट्रॅप’ म्हटलेले आढळते. पीर पंजाल भागातला हा ज्वालामुखीजन्य खडक म्हणजे पंजाल ट्रॅप. महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘ट्रॅप’ हा शब्द दख्खनमुळे ओळखीचा असतो आणि दोन्हीकडे मुख्यतः बेसाल्टच असल्याने एक सोय होते: आपल्या अंगणातल्या काळ्या दगडावर हात बसवून मग तिकडे जाता येते. मात्र दोन्ही एकच समजू नका. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर पंजालचा त्याच्या चौपटीहूनही जुना आणि हिमालयाच्या घड्यांमध्ये दाबला गेलेला आहे.

दगड ओळखताना तीन गोष्टी लिहा. पहिली, ताज्या टवक्यातला रंग; वरचा रंग मातीने आणि हाताळण्याने बदललेला असतो. दुसरी, कणांचा बारीकपणा. तिसरी, मूळच्या गोट्याची साल कुठे शिल्लक आहे का. ही तिसरी गोष्ट फार बोलकी असते. हत्याराच्या माथ्यावर पाण्याने झिजलेली गुळगुळीत साल राहिली असेल, तर तो दगड खाणीतून फोडून आणलेला नसून नाल्यातून किंवा नदीपात्रातून उचललेला आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. डोंगरातला शेतकरी दगडासाठी कड्यावर चढत होता की पुराने दाराशी आणून टाकलेल्या गोट्यांतून निवड करत होता, हा प्रश्न या सालीवरून सुटायला लागतो.

४. घडणीचा क्रम लावा

घासीव हत्यार चार टप्प्यांत तयार होते आणि चारही टप्प्यांच्या खुणा पुष्कळदा एकाच वस्तूवर सापडतात. आधी हातोडी-दगडाने टवके उडवून ढोबळ आकार दिला जातो. मग टाकी लावली जाते. त्यानंतर ओल्या वाळूसह खरबरीत दगडावर घासणे आणि शेवटी झिलई.

पुस्तकांमध्ये दुसऱ्या टप्प्याचे वर्णन वाचून मला काही उमगेना. ते उमगले घरच्या पाट्यावर. आमच्या आजीचा पाटा वाटून-वाटून गुळगुळीत झाला की ‘आता चटणी नुसती घसरते’ असे ती म्हणायची आणि टाकी लावणाऱ्या बाईला हाक मारायची. ती बाई छिन्नीच्या टोकाने पाट्यावर बारीक-बारीक घाव घालत जायची आणि पाटा देवीच्या व्रणांसारख्या खळग्यांनी भरून जायचा. नवाश्मयुगीन माणसाकडे लोखंडी टाकी नव्हती. तो कठीण दगडाच्या टोकाने हेच करत होता. घासीव कुऱ्हाडीच्या मधल्या भागावर विजेरीचा तिरपा झोत टाकला, तर पाट्यावरच्यासारखेच खळगे दिसतात आणि धारेकडे जाताना ते घासण्याने हळूहळू नाहीसे होत जातात. माझ्या मते या अभ्यासातला सर्वांत उपयोगी प्रकाश म्हणजे हा तिरपा प्रकाश. विजेरी समोरून धरली तर काहीही दिसत नाही. टेबलाच्या पातळीला आणून बाजूने धरा आणि वस्तू सावकाश फिरवा.

घासणे म्हणजे काय हे कळण्यासाठी स्वतः एकदा घासून पाहावे. मी तळहाताएवढा बेसाल्टचा तुकडा वालुकाश्माच्या फरशीवर पाणी आणि वाळू टाकून आठवडाभर, रोज संध्याकाळी तास-दीड तास घासला आणि धारेलगतची बोटभर पट्टीच काय ती चमकली. त्यानंतर माथा खडबडीत ठेवलेली हत्यारे पाहून ‘अर्धवट राहिली असावीत’ असे लिहिणे मी बंद केले. दांड्यात बसणारा भाग कशाला घासायचा? तो खरबरीत असेल तरच दांड्यात घट्ट बसतो. हा प्रयोग करताना दगड सतत ओला ठेवा, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क लावा. दगडाची कोरडी भुकटी फुप्फुसांना घातक असते.

५. कुऱ्हाड, वाकस की पटाशी?

इंग्रजीतून आलेला ‘सेल्ट’ हा शब्द घासीव धारेच्या अशा सर्व हत्यारांना सरसकट वापरतात. पहिल्या नोंदीसाठी तो सुरक्षित आहे. पुढे जायचे असेल, तर सुताराच्या पेटीची मदत घ्या.

वस्तू धारेकडून डोळ्यांसमोर धरा आणि बाजूचा छेद पाहा. दोन्ही बाजूंनी सारखा उतार येऊन मध्यावर धार मिळत असेल, तर ती कुऱ्हाडीची ठेवण. एक बाजू जवळजवळ सपाट आणि दुसऱ्या बाजूलाच उतार असेल, तर ती वाकसाची ठेवण: वाकसाची धार दांड्याला आडवी असते आणि सुतार ती आपल्याकडे ओढत लाकूड तासतो. अंग अरुंद, जाड आणि धार थोडकी असेल, तर पटाशीसारखा वापर संभवतो. अशा वेळी माथ्यावर ठोकल्याच्या खुणा आहेत का ते आवर्जून पाहा.

इथला नेहमीचा सापळा असा की, एकदा ‘कुऱ्हाड’ म्हटले की पुढे आपोआप ‘जंगलतोड’ आणि त्यापुढे ‘शेती’ लिहिले जाते. बुर्झाहोमने मला या सवयीपासून सोडवले. तेथील सुरुवातीच्या काळातले लोक करेवाच्या मातीत खोल खड्डे खणत होते आणि त्या खड्ड्यांच्या भिंतींवर लांबट दगडी हत्यारांच्या खुणा उमटलेल्या सापडल्या आहेत. सर्वांत मोठा खड्डा तोंडाशी २.७४ मीटर, तळाशी ४.५७ मीटर आणि ३.९६ मीटर खोल, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद. तेव्हा ज्याला आपण कुऱ्हाड म्हणतो त्यातले एखादे हत्यार झाडाला न लागता मातीतच झिजलेले असू शकते. माती खणणाऱ्या धारेवरचे ओरखडे आणि लाकूड तोडणाऱ्या धारेवरचे टवके वेगळे असतात. ते सातव्या पायरीत येईल.

भोक असलेल्या गोल दगडांचेही असेच आहे. त्यांना ‘गदाशीर्ष’ म्हटले की लगेच लढाई डोळ्यांसमोर येते. पण तोच दगड खणायच्या काठीला वजन म्हणूनही बसतो. नाव न देता ‘सच्छिद्र गोल दगड’ लिहा आणि भोक तपासा: ते दोन्ही तोंडांशी रुंद आणि मधे अरुंद, डमरूसारखे असेल, तर ते दोन्ही बाजूंनी टाकी लावत पाडलेले आहे. आतली कड घासून चकचकीत झाली असेल, तर काठी बराच काळ तिथे हलत होती.

आणि एक लहानशी पण सतत होणारी चूक: धान्य दळण्याच्या दगडांना ‘जाते’ म्हणू नका. फिरणारे जाते फार नंतरचे. नवाश्मयुगात आहे तो पाटा आणि त्यावर पुढे-मागे सरकणारा दगड, म्हणजे आपल्या पाटा-वरवंट्याचेच कूळ.

६. दोन भोकांची सुरी

काश्मीरच्या संग्रहातली सर्वांत चर्चेतली वस्तू हीच. साधारण आयताकृती, चपटी, घासीव दगडी सुरी. एका लांब कडेला धार आणि विरुद्ध कडेजवळ दोन भोके. भोकांतून दोरी ओवून ती तळहातात अडकवायची आणि कणसे एक-एक करून कापायची, असा तिचा वापर मानला जातो.

अगदी अशाच सुऱ्या उत्तर चीनच्या नवाश्मयुगीन वसाहतींमध्ये मोठ्या संख्येने सापडतात. आजच्या पाकिस्तानातील स्वातच्या खोऱ्यातही त्या आहेत. त्यामुळे काश्मीर आणि चीन यांच्यात संपर्क होता का, यावर अनेक दशके वाद चालू आहे. खड्ड्यांतली घरे, कुत्र्यांची दफने आणि ही सुरी, या तिन्ही गोष्टी जोडून संपर्काच्या बाजूने मांडणी केली जाते. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की, सारख्या हवामानात सारख्या कामासाठी माणसे सारखी हत्यारे घडवू शकतात. पूर्व तिबेटमधल्या कारुओ या सुमारे ३,१०० मीटर उंचीवरच्या, १९७८–७९ मध्ये उत्खनन झालेल्या वसाहतीमुळे या वादात मधला एक दुवा आला, पण वाद मिटला नाही. मला स्वतःला संपर्काची शक्यता पटते. तरीही विद्यार्थ्यांच्या निबंधात ‘चिनी बनावटीची सुरी’ असे वाचले की मी ते खोडते. बनावट काश्मिरी दगडाची असेल, तर सुरी काश्मिरी आहे. प्रवास झाला असेल तर तो कल्पनेचा किंवा माणसांचा.

सुरी पाहताना भोकांची वरची कड भिंगाखाली धरा. दोरीने ओढ बसून तिथे झीज झाली असेल, तर ती एका दिशेला जास्त असते आणि त्यावरून सुरी कशी अडकवली जात होती याचा अंदाज बांधता येतो.

७. धार वाचा

हाताळण्यापूर्वी एक सूचना: वस्तू धुऊ नका, ब्रशने घासू नका आणि संग्रहालयाने दिलेले हातमोजे काढू नका. धारेच्या बारीक भेगांत धान्याच्या पिष्टाचे किंवा रोपांचे सूक्ष्म अवशेष टिकून राहतात. एका स्वच्छ करण्याने पुढच्या अभ्यासकाचा पुरावा कायमचा जातो.

भिंगाखाली चार गोष्टी पाहा. ओरखडे धारेला काटकोनात आहेत की समांतर? काटकोनातले ओरखडे तोडणे, तासणे, खणणे अशा पुढे घुसणाऱ्या कामाकडे बोट दाखवतात, समांतर ओरखडे सुरीसारख्या ओढून कापण्याकडे. टवके एकाच बाजूला उडाले आहेत की दोन्ही बाजूंना? धारेचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त झिजला आहे का? दांड्यातल्या कुऱ्हाडीचा घाव सरळ पडत नाही, त्यामुळे तिचा एक कोपरा आधी बोथट होतो. आणि चौथे, धारेवर चमक आहे का? गवतवर्गीय पिकांच्या काड्यांमध्ये सिलिका असते आणि सतत कापणी केल्याने धारेवर काचेसारखी झळाळी चढते.

ही झळाळी आणि मुद्दाम केलेली झिलई यांत माझी गल्लत झाली होती. ओळखण्याची खूण साधी आहे: झिलई खळग्यांच्या फक्त उंच कडांवर असते, खळग्यांत उतरत नाही; कापणीची चमक मात्र धारेपासून आत पसरत हळूहळू फिकट होते आणि खोलगट भागांतही शिरते. तरीही भिंगाने केलेला निष्कर्ष हा अंदाजच. खात्रीसाठी सूक्ष्मदर्शक आणि स्वतः वापरून झिजवलेले नमुने लागतात.

झीज पाहताना पुन्हा लावलेली धारही शोधा. धारेलगतचा उतार अंगापेक्षा अचानक तीव्र झाला असेल, तर हत्यार बोथट होऊन परत घासले गेले आहे. लांबट कुऱ्हाड अशी घासत-घासत आखूड होते. म्हणून ‘लांब’ आणि ‘आखूड’ असे दोन प्रकार पाडताना जपा: एकाच हत्याराची ती तरुण आणि म्हातारी रूपे असू शकतात.

८. चित्र काढा

छायाचित्र पुरेसे नसते. चित्र काढताना प्रत्येक कड ठरवावी लागते आणि तेव्हाच आपण नीट पाहतो. समोरची बाजू, कडेची बाजू, मागची बाजू आणि मधला छेद, एवढी चार चित्रे एका ओळीत काढा. प्रकाश डावीकडून वरून येतो असे धरून छटा द्या. हा संकेत जगभर पाळला जातो. प्रमाणपट्टी आणि नोंदणी क्रमांक चित्रासोबत त्याच क्षणी लिहा, संध्याकाळी खोलीवर जाऊन नव्हे.

९. दगडाबाहेर पाहा

काश्मीरच्या नवाश्मयुगाबद्दलची सर्वांत विलक्षण गोष्ट दगडात नसून दगडाच्या अभावात आहे. तिथे लहान दगडी पात्यांचा उद्योग जवळपास नाहीच. बोलन खिंडीच्या पायथ्याशी, जिथे झाँ-फ्राँस्वा झारिज यांच्या पथकाने १९७४ पासून उत्खनन केले त्या मेहरगढला, शेतकरी गारेची पाती डांबरात तिरपी बसवून विळे बनवत होते. आपल्याकडे भीमेच्या खोऱ्यातील घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलेल्या इनामगावात, ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची रोजची कापाकापी चाल्सेडनी या गारेच्या जातीच्या दगडाच्या पात्यांनी चालत होती. काश्मीरमध्ये मात्र ती जागा हाडांनी आणि शिंगांनी भरून काढली: सुया, आऱ्या, टोके, मासे मारायचे काटेरी भाले, खरवडण्या. भारतीय नवाश्मयुगात हाडांच्या हत्यारांचा एवढा विकसित उद्योग दुसरीकडे क्वचितच दिसतो.

त्यामुळे फक्त दगडी हत्यारांच्या पेट्या मागवून काश्मीरच्या शेतकऱ्याचा दिवस उभा राहत नाही. त्याच थरातली हाडांची हत्यारे, प्राण्यांची हाडे आणि धान्य यांच्या नोंदी सोबत वाचा. गुफक्रालच्या सर्वांत खालच्या थरात, मातीची भांडी अजून आलेली नसताना, घासीव दगडी हत्यारे आहेत, हाडांची हत्यारे आहेत आणि गहू, जव व मसूर यांचे दाणेही आहेत. म्हणजे कुंभारकाम येण्याआधी शेती आली होती. शाळेत शिकलेला ‘शेती, भांडी, घासीव दगड हे सगळे एकदम आले’ हा धडा इथे लागू पडत नाही.

शिकारही सुटलेली नव्हती. बुर्झाहोमच्या एका कोरीव शिळेवर हरणाला भोसकणारा भालाईत, धनुर्धारी, कुत्रा आणि आकाशात दोन सूर्य दिसतात. त्याच वसाहतीत पुढे तांब्याची बाणाग्रेही मिळाली, तरी दगड मागे पडला नाही. बर्फाळ हिवाळ्याच्या प्रदेशात घराला लाकूड, चुलीला लाकूड आणि हत्यारांच्या दांड्यांना लाकूड लागते. तिथे दगडी कुऱ्हाडीची निकड नांगरणीपेक्षा सरपणाने जास्त ठरवली असावी, असे मला वाटते. हे माझे मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

खड्ड्यांबाबतही एक सावधगिरी. पाठ्यपुस्तके त्यांना सरसकट ‘गर्तगृहे’ म्हणतात. आत चुलीची राख, भांड्यांचे तुकडे, उतरायला काही पायऱ्या आणि तोंडाभोवती खांबांची भोके मिळाली, हे या म्हणण्याचे आधार. पण १९९० च्या दशकात रॉबिन कनिंगहॅम आणि टी. एल. सदरलँड यांनी ही घरे नसून धान्याची कोठारे असावीत असे मांडले. वर अरुंद आणि खाली रुंद हा आकार धान्याच्या पेवाचाच आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. दोन्ही मते नोंदवा. इनामगावातही सुरुवातीच्या काळात खड्ड्यातली घरे होती म्हणून त्यावरून काश्मीरबद्दल निष्कर्ष काढू नका. हवामान, माती आणि काळ तिन्ही वेगळे आहेत.

ईशान्येकडे वळायचे असेल, तर आसामच्या दिमा हासाओ डोंगरातले दाओजली हाडिंग घ्या. तिथल्या खांदे काढलेल्या घासीव कुऱ्हाडींचे नाते काश्मीरशी नसून पूर्वेकडच्या आग्नेय आशियाशी जुळते. ‘हिमालयीन नवाश्मयुग’ अशी एकच पेटी करू नये, हे या एका तुलनेवरून पटते.

१०. स्थळाला भेट देताना

उन्हाळ्यात, सकाळी लवकर जा. सूर्य तिरपा असताना खड्ड्यांच्या कडा आणि पुढच्या काळात उभारलेल्या प्रचंड शिळा ठळक दिसतात. संरक्षित स्थळावरून एक टवकाही उचलायचा नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा दोन्ही तिथे लागू होतात, आणि कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी जागेवरून हललेला दगड अभ्यासाच्या दृष्टीने मुका होतो. शेतात कुणी शेतकऱ्याने असा दगड दाखवला तर तो विकत घेऊ नका. छायाचित्र काढा, जागा लिहून घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

११. नोंदीचा तक्ता

शेवटी प्रत्येक वस्तूसाठी वहीत तीन रकाने आखा: ‘दिसते’, ‘वाटते’ आणि ‘इतरांचे म्हणणे’. संग्रहालयाची चिठ्ठी तिसऱ्या रकान्यात जाते. मी स्वतः घासलेल्या बेसाल्टच्या तुकड्याने गावी बाभळीची वाळकी फांदी तोडून पाहिली आणि त्याच तक्त्यात त्याची नोंद केली, ती नमुन्यादाखल देते.

दिसते: लांबी ११.२ सें.मी.; दोन्ही बाजूंना उतार; माथ्याला टाकीचे खळगे; धारेच्या उजव्या कोपऱ्याला तीन टवके, सर्व एकाच बाजूला; ओरखडे धारेला काटकोनात.

वाटते: कुऱ्हाड. उजव्या कोपऱ्याचे टवके दांडा सैल बसल्यामुळे.

इतरांचे म्हणणे: शेजारच्या सुतारकाकांच्या मते हा वाकस आहे आणि मी तो उलटा बसवला.